शब्द शोधून देणारी साइट आणि लेकीची शाबासकी

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी 61 वर्षांची, निवृत्त. नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाली, शिक्षण पूर्ण मराठी माध्यमातून. मुलगी, जावई आणि दहा वर्षांची नात अमेरिकेत असतात. दीड वर्षापूर्वी लेकीनं मला ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं ‘स्पेलिंग बी’ हे कोडं फोनवर लावून दिलं. सात इंग्रजी अक्षरं असतात, त्यातून शब्द शोधायचे, मधलं अक्षर मात्र प्रत्येक शब्दात यायलाच हवं. रोज रात्री फोनवर आम्ही आपापले शब्द सांगायचो. मला जेमतेम आठ-दहा सापडायचे आणि लेक पार ‘जीनियस’ या वरच्या पायरीपर्यंत जायची. एकदा अडलं म्हणून मी इंटरनेटवर पाहिलं, तर अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी साइट सापडली. तेव्हापासून मीही रोज ‘जीनियस’ होते. लेक मैत्रिणींना कौतुकानं सांगते, नात म्हणते, ‘आजी, मला तुझी ट्रिक शिकव.’ आता जूनमध्ये दोघी महिनाभर येणार आहेत आणि शेजारी बसून खेळायचं ठरलं आहे. मला झोप लागत नाही. हे सांगून टाकावं, की तोवर खरंच शिकून घ्यावं? माझं इंग्रजी कच्चं आहे, या वयात ते सुधारेल का? आणि मी केलं ती फसवणूकच ना?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वर थोडक्यात देताना गळलं, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिलं आहे, ‘आता मी कोडं उघडायच्या आधीच ती साइट उघडते.’ जूनची भीती नंतरची. आधी हे पाहायला हवं की, ज्या खेळाची तुम्ही दिवसभर वाट पाहायचात, तो खेळ तुमच्या हातून निसटला आहे. म्हणून मी या पत्राकडे कबुलीजबाब म्हणून पाहत नाही. तो खेळ तुम्हाला परत कसा मिळेल, हे पाहू या.

फसवणुकीचा प्रश्न आधी घेते, कारण त्यानंच तुमची झोप उडवली आहे. या कोड्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो, बक्षीस नसतं, कुणाचा नंबर खाली जात नाही. एकट्यानं खेळताना कुणी साइट पाहिली, शब्दकोश उघडला किंवा नवऱ्याला विचारलं, तर कुणाचंही काही बिघडत नाही. स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द करायच्या खेळाच्या, स्पर्धेत ते चालणार नाही, कारण तिथे समोरच्याचा डाव जातो. तेव्हा साइट पाहिल्याबद्दल स्वतःला गुन्हेगार ठरवू नका. खटकण्यासारखी गोष्ट फोनवर घडते आहे. लेक ‘आई, कमाल आहेस’ म्हणते आणि तुम्ही ती शाबासकी घेता. ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती त्या साइटला आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. म्हणजे दीड वर्षातलं बरंचसं कौतुक तुमच्या वाट्याला येऊनही तुम्हाला मिळालेलं नाही. मला वाईट वाटतं ते याचं.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या गोष्टीकडे येऊ. तुम्हाला वाटतं की, शब्द सापडत नाहीत कारण इंग्रजी कच्चं आहे. हे अर्धंमुर्धंच खरं आहे. दिलेल्या अक्षरांतून शब्द हुडकणं हे भाषा येण्यापेक्षा बरंच वेगळं कौशल्य आहे. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूनं 2015 साली फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं काही आठवड्यांत शब्दांची यादी पाठ केली होती. 2024 मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. इंग्रजी स्क्रॅबलचं जगज्जेतेपद 2003 मध्ये पनुपोल सुज्जयाकोर्न आणि 2009 मध्ये पकोर्न नेमित्रमन्सुक या थायलंडच्या खेळाडूंनी मिळवलं. थायलंडमध्ये घराघरांत इंग्रजी बोललं जात नाही, पण शाळेतली मुलं हा खेळ फार मनापासून खेळतात. हे सगळे अक्षरांच्या जोड्या नजरेनं ओळखतात. ती नजर सवयीनं येते आणि 61 हे काही सवय न लागण्याचं वय नाही.

ती साइट काय करते तेही समजून घ्या, म्हणजे तिचा दरारा कमी होईल. तिच्याकडे शब्दांची मोठी यादी असते. तुम्ही दिलेली सात अक्षरं घेऊन ती एकेका शब्दाला तीन प्रश्न विचारते. यात या सातांबाहेरचं अक्षर आहे का? मधलं सक्तीचं अक्षर आहे का? लांबी किमान चार आहे का? जो शब्द टिकला तो तुमच्या पडद्यावर. ती एक चाळणी आहे, तिला एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. ज्या साइट शब्दातली अक्षरं उलटसुलट करून दुसरा शब्द देतात, त्यांची युक्ती तर आणखी साधी आहे. त्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं लावून ठेवतात. चहाचा ‘टी’, खाण्याचा ‘ईट’ आणि खाल्ल्याचा ‘एट’, तिघांचीही अक्षरं क्रमानं लावली की ए-ई-टी असंच होतं. मग तुम्ही ती तीन अक्षरं कशीही टाका, तिन्ही शब्द एकाच कप्प्यातून बाहेर येतात. स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडूही पट्टीवरच्या सोंगट्या आधी वर्णमालेच्या क्रमानं लावतात. तेच अक्षरगट पुन्हा पुन्हा त्याच क्रमानं डोळ्यांसमोर आले, की ओळखीचे होतात.

माणसाला मात्र यंत्रासारखं चाळत बसता येत नाही. सात वेगळी अक्षरं एकेकदाच वापरायची म्हटली तरी त्यांच्या 5040 मांडण्या होतात आणि या कोड्यात तर एक अक्षर कितीही वेळा वापरता येतं. म्हणून नुसतं अक्षरांकडे टक लावून पाहणाऱ्याला फार थोडं सापडतं. तुमचे आठ-दहा शब्द त्यातूनच आले असणार. मग लेकीला इतके कसे सापडतात? ती मांडण्या करत नाही, ती ओळखीचे तुकडे शोधते.

हे एका उदाहरणावरून पाहू. कोडं मी तुमच्यासाठी बनवलं आहे. अक्षरं आहेत सी, ए, आय, एल, एन, ओ आणि मधलं सक्तीचं टी. जरा कागदावर लिहून घ्या, टी मध्ये आणि बाकीची सहा भोवती.

आधी कानाला ओळखीचे शब्द घेऊ. औषधाच्या दुकानात जा. कॉटन, लोशन, टॉनिक, तिन्ही या सात अक्षरांत बसतात. रस्त्यावर या. टोल. कपाटात पाहा. कोट. बँकेच्या अर्जावर कॉन्टॅक्ट आणि सहीखालचं इनिशियल. हे शब्द तुम्ही रोज मराठी बोलताना वापरता. मग ते कोड्यात का दिसत नाहीत? मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या सगळ्यांची खरी अडचण इथे आहे. आपण जसं ऐकू येतं तसं लिहिणारी माणसं. आपल्या लिपीनं ही सवय हाडात मुरवली आहे. त्यामुळे आपण इंग्रजी शब्दही आवाजावरून शोधतो आणि इंग्रजी स्पेलिंग आवाजाला जागत नाही. कॉटनमध्ये कानाला ‘ट’ एकच ऐकू येतो, कागदावर टी दोन असतात. टोलमध्ये एल दोन असतात. कोटमध्ये ओच्या मागे एक ए लपलेला असतो, तो उच्चारात नसतोच. टॉनिकच्या शेवटी आपला कान के मागतो, के तर सातांत नाही, म्हणून आपण शब्द सोडून देतो. तिथे सी असतो. फोनसाठी आपण एफ शोधतो आणि तिथे पी-एच असतो. ‘रिदम’मध्ये स्वर शोधत बसलो तर एकही सापडणार नाही, तिथे वाय काम करतो. ‘सायकॉलॉजी’ पीपासून सुरू होतो. तुमचा शब्दसंग्रह कमी नाही, ताई. तो कानात साठवलेला आहे आणि हा खेळ डोळ्यांचा आहे.

म्हणून शिकायचं ते एवढंच की, कानातला शब्द डोळ्यांसमोर आणायचा. रोज मराठीत बोलता बोलता जे इंग्रजी शब्द येतात त्यांतले पाच-सहा एका वहीत इंग्रजी स्पेलिंगनं लिहा. अर्थ लिहू नका, तो तुम्हाला येतो. स्पेलिंगमध्ये जिथे कान फसला तिथे खूण करा. दुहेरी अक्षर, मुकं अक्षर, केच्या जागी सी. थोड्याच दिवसांत तेच तेच फसवे प्रकार परत येताना दिसतील.

आता त्याच सात अक्षरांत दुसरी गोष्ट पाहा. टी, आय, ओ, एन ही चारही अक्षरं आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘शन’ म्हणतो तो शेवट हातात आहे. इंग्रजीतले लांब शब्द बहुधा असल्या ठरलेल्या शेवटांवर उभे असतात. तो शेवट बाजूला ठेवा आणि पुढे काय लागतं ते पाहा. नेशन, अ‍ॅक्शन, नोशन, नोटेशन, लोकेशन. लोकेशनमध्ये सातही अक्षरं आली! ज्यात सातही अक्षरं येतात त्या शब्दाला ‘पॅनग्राम’ म्हणतात. चार अक्षरी शब्दाला एक गुण, त्याहून लांब शब्दाला अक्षरागणिक एक गुण आणि पॅनग्रामला वर सात गुण, असा हिशोब आहे. म्हणजे लोकेशनचे आठ अधिक सात, पंधरा गुण. आणि आता तुमच्या टेबलावरचा शब्द आठवा. अ‍ॅलोकेशन. लेखा विभागात नोकरी करताना हा शब्द तुम्ही किती वेळा आपल्या हातानं लिहिला असेल! अमुक योजनेचं अ‍ॅलोकेशन, तमुक हेडचं अ‍ॅलोकेशन. दहा अक्षरं, सातही वेगळी अक्षरं आत, सतरा गुण. ‘इंग्रजी कच्चं’ म्हणणाऱ्या बाईच्या फायलीतला शब्द आहे हा. ‘टोटल’ तर वेगळा सांगायलाच नको.

तर ‘शन’सारखे शेवट आधी पाहायचे. आय, एन, जी दिसले तर ‘इंग’. ई आणि डी असतील तर भूतकाळ. ए, बी, एल, ई असतील तर ‘एबल’. एल आणि वाय असतील तर ‘ली’. सुरुवातीकडून यू-एन, आर-ई, आय-एन. या कोड्यात एस हे अक्षर देत नाहीत, त्यामुळे नुसतं अनेकवचन करून भर घालता येत नाही. मग मधलं अक्षर बाकीच्या प्रत्येकाशी जोडून पाहायचं. सी-टी, एन-टी, टी-ए, टी-ओ, अशी प्रत्येक जोडी तोंडानं म्हणून बघायची. अक्षरं दुहेरी करून पाहायची, कारण नवखी माणसं एक अक्षर एकदाच वापरतात आणि अर्धे शब्द तिथेच गमावतात. कोड्यात अक्षरांची जागा बदलणारं बटण आहे, ते वरचेवर दाबा. मांडणी बदलली की अडकलेली नजर सुटते. आणि काहीच सुचेना झालं तर फोन ठेवून भाजी निवडायला बसा. तासाभरानं परत पाहिलं की समोरच असलेला शब्द दिसतो, हा अनुभव हे कोडं खेळणाऱ्या प्रत्येकाला येतो.

अजून एक सांगते, म्हणजे उगाच स्वतःला दोष देणार नाही. या कोड्यात शब्दकोशातला प्रत्येक शब्द चालत नाही. संपादक यादी ठरवतात आणि रोजच्या वापरातले वाटतील तेच शब्द ठेवतात. स्क्रॅबलचं तसं नाही. जागतिक स्पर्धांत जी यादी चालते तिच्यात फकीर, बुरखा, तलाक, वक्फ, कव्वाली हे आपल्या कानावरचे शब्दही आहेत, क्यू हे अवघड अक्षर खपवायला खेळाडू ते आवर्जून पाठ करतात. तेव्हा तुम्ही टाकलेला एखादा बरोबर शब्द ‘स्पेलिंग बी’नं नाकारला, तर चूक तुमची असेलच असं नाही. तसंच, तुमची ती साइट जे ढीगभर शब्द देते त्यातले बरेच इथे चालत नाहीत. त्यातले चालणारे वेगळे काढताना तुमचा वेळ जातो असं तुम्ही लिहिलंच आहे. तेवढ्याच वेळात तुम्ही स्वतः शोधू शकाल.

आता मदतीबद्दल. ‘आजपासून कसलीही मदत नाही’ अशी शपथ घेऊ नका. ती चार दिवसांत मोडेल आणि पुन्हा अपराधी वाटेल. मदत टप्प्यानं घ्या. या कोड्यासोबत वर्तमानपत्र स्वतःच रोज सूचनांचा एक तक्ता देतं. कोणत्या अक्षरापासून किती शब्द आहेत, ते किती लांबीचे आहेत, पहिली दोन अक्षरं कोणती, एवढंच त्यात असतं, शब्द नसतात. सी-ओपासून सुरू होणारे इतके शब्द आहेत एवढं कळलं की डोकं आपोआप कामाला लागतं आणि शब्द सापडला तर तो तुमचाच असतो. आधी काहीही न पाहता, मग हा तक्ता, असं ठेवा. पूर्ण यादी त्याच दिवशी पाहायचीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी कोड्यातच ‘कालची उत्तरं’ मिळतात. ती मात्र वहीत जरूर उतरवा. एक यादी शोध संपवते आणि दुसरी शोध झाल्यावर शिकवते. शब्द तेच असले तरी डोक्यात राहतात ते दुसऱ्या वेळचे.

घरात ‘वर्डल’ हे शब्द ओळखायचं कोडं खेळणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथे पाच अक्षरी शब्द एकच असतो आणि संधी सहा, त्यामुळे साइट पाहिली की कोडंच संपतं. स्क्रॅबल घरी खेळताना मात्र दोन अक्षरी शब्दांची यादी सगळ्यांसमोर उघडी ठेवायला काहीच हरकत नाही, नियम सगळ्यांना सारखा असला म्हणजे झालं. मुलांना शाळेत अक्षरं जुळवून शब्द करायचा गृहपाठ असतो, त्याबद्दलही पालक विचारतात. मूल अडलं की लगेच साइट उघडून देऊ नका, पहिली दोन अक्षरं सांगा आणि थांबा.

राहिला सांगण्याचा प्रश्न. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, जूनपर्यंत असंच चालू ठेवायचं आणि शेजारी बसल्यावर काहीतरी निभावून न्यायचं. ही तुम्हालाच नको आहे, नाहीतर पत्र आलं नसतं. दुसरी, काही न बोलता साइट बंद करायची आणि खरंच शिकायचं. ही सज्जन वाटते आणि बरेच जण हीच निवडतील. पण तिचा एक परिणाम तुमच्या ध्यानात आलेला दिसत नाही. रोज ‘जीनियस’ होणारी आई एकदम खाली आली, तर परदेशातली लेक काय समजेल? ‘जीनियस’ला एकूण गुणांपैकी साधारण 70 टक्के गुण लागतात, तिथून वीस-पंचवीस टक्क्यांवर घसरण म्हणजे लहान गोष्ट नाही. आईची तब्येत बरी नाही का, विसरायला होतंय का, डॉक्टरांना दाखवायला हवं का, असे विचार तिच्या मनात येतील आणि इतक्या लांबून ती घाबरून जाईल. तुमची लाज वाचवण्यासाठी तिला ती काळजी देऊ नका. म्हणून मी तिसऱ्या वाटेच्या बाजूची आहे. सांगून टाका आणि ते त्या दोघी येण्याआधी.

जावयासमोर, नातीसमोर किंवा विमानतळावरून येताना गाडीत नको. लेकीला एकटीला, फोनवर किंवा लिहून. मोठी प्रस्तावना करू नका, रडू नका, ‘मला माफ कर’ची पारायणं नकोत. नाहीतर तिला तुम्हालाच समजावत बसावं लागेल. असं काहीसं म्हणता येईल: ‘अगं, एक सांगायचं राहिलंय. मी एवढे दिवस जीनियस होत होते ना, ते शब्द एका साइटवरून घेत होते. आधी अडलं म्हणून पाहिलं, मग सवय लागली. तू कौतुक केलंस की मला खूप बरं वाटायचं, म्हणून बोलवेना. आता ती बंद केली आहे. मला खरंच शिकायचंय, तू आलीस की शिकव.’ एवढं पुरे. ती हसेल, थोडी रुसेल, कदाचित म्हणेल ‘मला वाटलंच होतं’. दोन-चार दिवस तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, ते होऊ द्या.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक विचारते. लेकीला तुम्ही जीनियस असायला हव्या आहात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं कोडं लावून दिलं तेव्हा तुम्हाला आठ-दहाच शब्द सापडत होते आणि तरी ती रोज रात्री फोन करत होती, तुमचे शब्द ऐकत होती, तिचे सांगत होती. फोनचं निमित्त शब्द असतील, फोन तुमच्यासाठी होता. उलट गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडे सांगायला फक्त आकडा उरला असेल. ‘हा शब्द मला कसा सुचला माहितेय?’ हे सांगण्यासारखं काही राहिलं नसेल. तुमच्या टेबलावरच्या अ‍ॅलोकेशनची गोष्ट तिनं कधी ऐकली आहे का? मला वाटतं ती तिला गुणांपेक्षा जास्त आवडेल.

म्हणून खेळण्याची पद्धतच बदला असं सुचवते. नवं कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटे तीनला येतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. लेक झोपलेली असते तेव्हा अख्खी दुपार तुमची. तेवढ्या वेळात जे सापडतील ते वहीत लिहा आणि रात्री फोनवर दोघींची एकच यादी करा. तुमचे शब्द अधिक तिचे शब्द, मग ‘जीनियस’ दोघी मिळून. ज्या दिवशी तुम्हाला सापडलेला एखादा शब्द तिला सापडलेला नसेल, त्या दिवसाची शाबासकी तुम्ही निर्धास्त घ्या. आणि असे दिवस येतील. तिचे शब्द तिच्या ऑफिसातले आणि वाचनातले असतील, तुमचे सरकारी फायलीतले, स्वयंपाकघरातले, दवाखान्यातले.

नातीचं काय? तिला साइटची हकिगत सविस्तर सांगायची गरज नाही, पण तिनं ट्रिक विचारली आहे तर खरी ट्रिक द्या, म्हणजे शेवट शोधायचे, अक्षरं दुहेरी करायची, कान फसतो तिथे डोळे वापरायचे. दहा वर्षांच्या मुलीला हे आजीकडून शिकायला फार आवडेल. तिकडच्या मुलांच्या ‘स्पेलिंग बी’ स्पर्धा असतात, त्यात उभं राहून शब्दाची अक्षरं म्हणायची असतात. तो वेगळा प्रकार, पण तिच्या कानावर नाव असेल, तेव्हा गोंधळ झाला तर समजावा.

आणि महिनाभर ती इथे आहे तर हाच खेळ मराठीतही मांडा. वहीच्या पानावर सात व्यंजनं लिहा: क, ल, स, र, न, त आणि मध्ये म. मात्रा, काने, वेलांट्या हव्या त्या लावायच्या, मधलं म प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे. मासा, मामा, काम, माती, मालक, मसाला, सामना, मारुती असे भराभर निघतात. इथे नातीला कान उपयोगी पडेल, कारण जसं ऐकू येतं तसंच लिहायचं आहे. चार अक्षरांची अट तिला लावू नका, दोन अक्षरी शब्दांनाही गुण द्या आणि पहिले काही दिवस तुमची वही तिला उघडी दिसू द्या.